हिवराला टांगलेली मुसकी

माळावरच्या सगळ्यांत जुन्या हिवराच्या झाडाला सुतळीची लहान लहान मुसकी टांगलेली दिसतात. पाहुणे ती नवसाची समजून हात जोडतात आणि वाडीतले म्हातारे सिदूआबा मिशीत हसतात. "शेळ्यांच्या तोंडाला बांधायची हायती ती. बसा, सांगतो."

पूर्वी म्हणे हे रान इतके दाट होते, की आत शिरलेली शेळी गळ्यातल्या घुंगरावरूनच सापडे. तेव्हा ठकूबाई नावाची धनगरीण इथे शेळ्या राखी. ओळीने दुष्काळ पडले. शेळ्यांनी पाला खाल्ला, शेंगा खाल्ल्या, उगवलेला कोंबही ठेवला नाही. एकदा सावलीला टेकली असता ठकूबाईच्या ध्यानात आले, की रानात सगळी झाडे म्हातारीच आहेत, पोर एकही नाही. ती चरकली, असे सांगतात. रानाचा वंश बुडवणारी तोंडे तिच्याच शेळ्यांची होती.

तिने बिरोबाला शब्द दिला. उन्हाळ्यात शेळ्यांनी हिवराच्या शेंगा पोटभर खाव्यात, रानातच बसावे. लेंडीतून बी आपोआप पेरले जाते. मात्र मृगाच्या पावसाने कोंब वर आला, की दसऱ्यापर्यंत रानात शिरणाऱ्या प्रत्येक तोंडाला मुसके. वाडी हसली. "शेळीला मुसकं बांधतीस? आता लांडग्याला ताक पाज!" रानाबाहेर चारा नव्हता. शेळ्या हडकल्या, लाडकी शेळी चांदी तर मेलीच. ठकूबाई ढसाढसा रडली, पण शब्द मोडला नाही. पुढे त्याच कोंबांची सावली हसणाऱ्यांच्या नातवंडांना मिळाली.

सिदूआबांच्या लहानपणी मृग लागला की घरोघरी मुसकी वळत आणि या हिवराला टांगून ठेवत. मग एके सकाळी रानातून हाक येई, "कोंब दिसला!" लगेच मुसकी उतरवून शेळ्यांना बांधायची, वाडीत गूळ वाटायचा.  आता मृग कोरडाच जातो. पाऊस येतो तो पोळ्याला, तोही एकदाच धो धो. चुकून एखादा कोंब मान वर काढतो आणि चैत्रासारखे ऊन चार दिवसांत त्याला भाजून टाकते.

"पण आबा, शेळ्या तर आता रान खात नाहीत ना?" पाहुण्यांतल्या एका मुलीने विचारले.

"न्हाई, लेकी. शेळीचं त्वांड आमच्या हातात हुतं. उन्हाला मुसकं कुणी बांधायचं?"

आजही मृग लागला की आबा नवी मुसकी वळतात, हिवराला टांगतात आणि रोज सकाळी वाकून वाकून रान बघून येतात. गेल्या सालची मुसकी उतरलीच नाहीत. यंदाची आबांनी त्यांच्याच शेजारी बांधली आहेत.