हवा गिळणारी घोडी

एका बाजाराच्या गावात एक घोडीवाला राहायचा आणि तो कायम वैतागलेला असायचा. वैतागाचं कारण त्याच्या घरामागेच उभं होतं. वरातीची पांढरीशुभ्र घोडी, नाव शेवंती. पंचक्रोशीतले नवरदेव तिच्याच पाठीवर बसून मिरवायचे.

लग्नसराई सोडली तर तिला काही काम नसे. अंगाला गवताचा, चिखलाचा डाग लागू नये म्हणून घोडीवाला तिला तबेल्यात आखूड दाव्याने बांधून ठेवी. पोट सुटू नये म्हणून गवत मूठभरच, भिजवलेले हरभरे मात्र दोन्ही वेळा. एवढी बडदास्त ठेवूनही शेवंतीचा दिवसभर एकच उद्योग. गव्हाणीच्या लाकडी काठात दात रोवायचे, मान ताणायची आणि हुक्क करून हवा गिळायची.

"हुक्क, हुक्क, हुक्क! डोकं उठवलंय हिने!" घोडीवाला बायकोपुढे करवादायचा.

त्याने काठाला मिरचीचा ठेचा फासला. दोन दिवस ती शिंकली, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. काठावर पत्रा ठोकला, तर तिने खुंटा धरला. शेवटी त्याने तिच्या गळ्याला चामड्याचा पट्टा करकचून आवळला. आवाज थांबला, पण घोडी खाईना, पिईना. आठवड्याच्या आत तिच्या पोटात कळा उठल्या आणि ती जमिनीवर गडबडा लोळू लागली.

घोडीवाल्याने धावत जाऊन म्हाताऱ्या नालबंदाला आणलं. नालबंदाने आधी पट्टा सोडला, मग तिला उठवून दुपारभर हळूहळू फिरवलं. संध्याकाळी तिने लीद टाकली, तेव्हा कुठे घोडीवाल्याच्या जिवात जीव आला.

"चाचा, वाचली ना?"

"या खेपेला वाचली. अरे, कंटाळा खातोय तिला! रिकाम्या तोंडाने, एका जागी, तू एक दिवस राहून दाखव."

"दाखवतो की! त्यात काय मोठंसं?"

दुसऱ्या दिवशी घोडीवाला हट्टाने गव्हाणीपाशी बसला. सूर्य मावळेपर्यंत खायचं नाही, हलायचं नाही. घटकाभरात त्याची कौलं मोजून झाली. मग ती उलटी मोजून झाली. मग मोजायला काही उरलं नाही.

दुपारी बायको डोकावली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"अहो, हे काय चाललंय?"

घोडीवाल्याने खाली पाहिलं. खांद्यावरच्या पंच्याचं टोक त्याच्या तोंडात होतं आणि चावून चावून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या.

"पट्टा आणू का तुमच्या गळ्याला?" बायको म्हणाली.

घोडीवाल्याने उठून दावं सोडलं आणि शेवंतीला नदीकाठच्या कुरणात, शेजाऱ्याच्या गाढवांच्या सोबतीला नेऊन मोकळं केलं. मग रोजच नेऊ लागला. जुनी खोड पार गेली नाही, अधूनमधून ती लाकूड धरायचीच. पण चरण्यात दिवस जाऊ लागला आणि पोट पुन्हा कधी दुखलं नाही.

पुढच्या लग्नात नवरदेवाच्या मामाने नाक मुरडलं. "अहो, घोडीच्या गुडघ्यावर हिरवा डाग आहे!"

"असू द्या," घोडीवाला म्हणाला. "जेवून आलीय ती."

तात्पर्य: ज्याची खोड मोडायची, त्याचा दिवस कसा जातो ते आधी बघावं.