निशाणावरचा पांगारा

न्हाय! राजानं न्हाय लावला त्यो गोष्टीतला पांगारा. तुमचा मामा सांगतोय काय बी. शहरात खोली घेतली म्हंजी लई शाना झाला व्हय? पाय आखडा, पोरांनो, आन् ह्या आजीचं ऐका.

एका नगराच्या वेशीभाईर पांगारा व्हता. अंगभर काटं. पर फागुनात पान न् पान झडायचं आन् झाड लालेलाल व्हायचं, कोंबड्याच्या तुऱ्यावानी. त्येच्या बुडाला ठकूबाई शेरडं घिऊन ऱ्हायाची.

राजाला तितं घोडी पळवायला मैदान पायजे व्हतं. म्हनला, "ऊठ गं बाई."

ठकूबाई म्हनली, "माझी नाळ हितं पुरलीया. न्हाय उठत जा!"

मग राजानं झाड तोडलं. वर त्याच फांद्या रोवून मैदानाला कुंपन घातलं, हिची शेरडं आत याया नकोत म्हून. पांगाऱ्याचं कुंपन, बरं का! रोवली फांदी की जगली, आसलं झाड ते. पावसाळ्यात फुटली पालवी. फागुनात समदं कुंपन लाल! आन् ठकूबाई कुंपनाला टेकून बसल्याली.

"उपटा!" राजा वराडला. "नदीत फेका!"

मग उपटलं, फेकलं. फांद्या लागल्या काठाला. पुढल्या साली नदीचा काठ लाल.

मग राजा लईच खवळला. "झाड मरंना, तर बाईलाच धरा!"

ठकूबाईला कोंडली. तिची शेरडं बें बें करत गल्लीबोळानं हिंडाय लागली. लोकांनी काय केलं सांगू? गेरू कालवला, आन् ज्येनं त्येनं आपल्या दारावर पांगाऱ्याचं फूल काढलं.

राजानं प्रधानाला इचारलं, "किती दारं रंगली?"

"समदी, म्हाराज."

"माझा वाडा सोडून ना?"

"वाड्याचं बी रंगलंय. रानीसायबांनीच काढलंय."

राजानं कोठडीची किल्ली मागितली.

मग? मग काय, सोडली ठकूबाईला. राजानं आपल्या निशानावरचा वाघ पुसला आन् तितं बी पांगारा काढला. ठकूबाईनं आपल्या जाग्यावर नवी फांदी रोवली. ती सुखात, शेरडं सुखात, नगर सुखात. राजा बी सुखात, दुसरीकडं घोडी पळवाय लागला.

झालं. मिटा डोळं. आन् सकाळी उठलं की घरामागल्या परड्यातली पांगाऱ्याची फांदी तोडा. चावडीम्होरं जागा रिकामी हाय, आन् ती समद्या गावाची हाय. तितं रोवा. कुनी हटकलं तर जागचं हलू नगा. रोवा म्हंजी रोवा.