आवडीचा वसा

फार पूर्वी नदीच्या वळणावरच्या एका गावात एका शिंप्याची बायको राहत होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तोच तिच्या नवऱ्याला ताप भरला. सात दिवस उतरेना. आठव्या दिवशी ती टेकडीवरच्या देवीपुढे गेली, पदर पसरला आणि म्हणाली, "आई, यांना बरं वाटू दे. मी गूळ सोडते."

गूळ म्हणजे तिचा जीव की प्राण. माहेरी तिला सगळे मुंगीच म्हणत. देवीनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि शिंपी उठून पेज मागू लागला.

त्या गावाची रीत अशी होती, की आषाढात नेम धरावा, कार्तिकात त्याचं उद्यापन करावं, आणि सोडलेली वस्तू आधी देवीला दाखवून मग आपल्या तोंडात घालावी. बाकीच्या बाया तसंच करत. हिनं मात्र उद्यापन केलं नाही. गूळ खाल्ला आणि ताप परत आला तर? ही भीती तिच्या मनातून जाईना. मग मुलाला गोवर आला, तेव्हा तिनं शेवंतीची वेणी सोडली. गाय अडली, तेव्हा झोपाळा सोडला. दही गेलं, विडा गेला, ओलं खोबरं गेलं, दुपारी ओटीवर बसून गाणं म्हणायची ते गाणंही गेलं. एकेका नेमाचं कुंकवाचं एकेक बोट ती देवघराशेजारच्या भिंतीवर उमटवी. तीस वर्षांत बावीस बोटं झाली.

गावातल्या बाया म्हणत, "काय तिचा संयम! तपस्विनीच आहे बाई." ते कानावर पडलं की तिला बरं वाटे. तेवढं एक मात्र तिनं सोडलं नव्हतं.

अशा घरात सून आली. पोरगी गरीब स्वभावाची, आई लहानपणीच गेलेली. सासूला ती आत्याबाई म्हणे आणि सासूच्या मागून सावलीसारखी फिरे. सासू जे खाई तेच खाई, सासू जेवढं बोले तेवढंच बोले. मुलगा कापड घेऊन गावोगाव हिंडे, महिन्यातून दोनदा घरी येई.

सुनेला दिवस गेले. घरात आनंद झाला, पण पोरीचं अन्नावरचं मनच उडालं. चार घास खाई, ताट सारून उठे. पाचवा महिना लागला तरी गालांची हाडं वर आलेली. सुईण आली, तिनं पोटावरून हात फिरवला आणि विचारलं, "पोरी, डोहाळे काय लागलेत?"

"काही नाही."

"काहीच कसं नाही? आंबट? तिखट? माती तरी खावीशी वाटते का?"

"नाही हो. काही नको."

सुईण ओसरीवर आली आणि शिंपिणीला हळूच म्हणाली, "बाई, मी शंभर बाळंतपणं केली. जिला काहीच नको वाटतं, तिची मला भीती वाटते. पोटात काहीतरी गेलं पाहिजे. नाहीतर पोर आणि पोरगी, दोघांचं मला सांगता यायचं नाही."

शिंपिणीनं डोक्यावरून पदर घेतला. तिनं तडक टेकडी गाठली. आषाढाचे दिवस होते, नेम धरायचीच वेळ. देवीपुढे गुडघे टेकले, पदर पसरला आणि म्हणाली, "आई, माझ्या सुनेला जेवू दे. मी सोडते..."

आणि थांबली. काय सोडणार? एकेक आठवून पाहिलं. हे सोडलेलं, ते सोडलेलं. शेवटी म्हणाली, "मी मीठ सोडते."

मागून कुणीतरी हसलं. देवळाच्या पायऱ्या झाडणारी एक म्हातारी खराट्यावर हात टेकून उभी होती.

"मीठ तुला फार आवडतं का गं?"

"आवडायचं काय त्यात? लागतं म्हणून घालायचं."

"मग जे आवडत नाही ते देवीच्या गळ्यात घालतेस होय? शहाणीच आहेस!" म्हातारी पायरीवर बसली. "बरं, मला सांग, तुला आवडतं काय?"

शिंपीण बोटांवर मोजायला लागली, गूळ, वेणी, झोपाळा. तिला आठवत होतं ते सगळं एकोणिसाव्या वर्षातलं. आता काय आवडतं ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नकोस. मी तुला वसा सांगते. रोज एक आवडीची गोष्ट करायची. लहानशीच. पण बसून करायची, उभ्यानं नाही. लपून नाही. आणि झाली की मोठ्यानं म्हणायचं, छान वाटलं. खोटं म्हणालीस तर तो दिवस फुकट."

"हा कसला वसा? आणि गुळाचं काय? मी गूळ खाल्ला आणि यांना काही झालं तर?"

"तीस वर्षं ठणठणीत आहे ना तो? मग उद्यापन का नाही केलंस? देवी काय तुझा गूळ कोठीत भरून बसलीय? मुंग्या लागल्या असतील त्याला." म्हातारीनं खराटा उचलला. "घेतलास तर कार्तिकापर्यंत टाकायचा नाही. बघ बाई. मीठ सोडणं सोपं आहे."

शिंपिणीला राग आला, भीतीही वाटली. पण सुनेचं तोंड डोळ्यांपुढे होतं. तिनं वसा घेतला.

पहिल्या दिवशी तिनं गुळाचा खडा घेतला, देवाला दाखवला आणि डोळे मिटून औषधासारखा गिळला. मग हातातलं काम टाकून धावत दुकानात गेली. शिंपी सुईत दोरा ओवत होता. "अहो, बरं आहे ना तुम्हाला? कपाळ बघू." शिंपी म्हणाला, "मला काय झालंय? तूच अशी का घाबरलीस?" तो दिवस फुकट गेला. दुसऱ्या दिवशी ती ओटीवर नीट बसली, पण मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली. गूळ कधी संपला तेही कळलं नाही. तोही दिवस फुकट. तिला वाटलं, बावीस गोष्टी सोडल्या तेव्हा एवढा त्रास झाला नव्हता.

श्रावणातल्या बाजारच्या दिवशी ती भाजी आणायला गेली. एक बाई निखाऱ्यांवर कणसं भाजत होती. तो वास नाकात शिरला आणि शिंपिणीचे पाय आपोआप थांबले. तिनं एक कणीस घेतलं, त्यावर लिंबू-मीठ चोळून घेतलं, वडाच्या पारावर बसली. पहिला दाणा दाताखाली येतो न येतो, तोच समोरून सोनारीण आली. शिंपिणीनं झटकन कणीस पदराखाली लपवलं. पदरातून वाफ यायला लागली.

"काय हो तपस्विनीबाई, पदर पेटला की काय?"

शिंपिणीचे कान लाल झाले. तीस वर्षांचं नाव एका कणसापायी चाललं होतं. पण वसा आठवला, लपून नाही. तिनं कणीस बाहेर काढलं आणि सगळ्यांदेखत एक मोठा घास घेतला.

"अगं बाई! भर बाजारात? मग एवढ्या वर्षांचं पुण्य?"

"असेल तिथं असेल," शिंपीण म्हणाली. "कणीस कोवळं आहे हो. छान लागतंय. घ्या, अर्धं तुम्ही घ्या."

सोनारीण इकडेतिकडे बघत शेजारी टेकली. तिनं कणीस सगळं संपवलं आणि वर म्हणाली, "लिंबू थोडं कमीच होतं."

निघताना शिंपिणीनं आणखी एक कणीस घेतलं आणि घरी आल्यावर नवऱ्याला दिलं. तो बायकोकडे बघतच राहिला. मग उठला, दुकानात गेला, चिंध्यांच्या टोपलीत तळापर्यंत हात घातला आणि एक पुरचुंडी आणली. आत शेंगदाणे आणि गूळ.

"हे काय?"

"तू सोडलास तेव्हापासून मी इथंच खातो. तुझ्यासमोर खायची लाज वाटायची."

"तीस वर्षं? चिंध्यांत?"

"एकदा पाटलांच्या अंगरख्याच्या खिशात राहिला होता. त्यांना वाटलं, मीच प्रेमानं ठेवला."

शिंपीण हसली. इतकी हसली की पोट धरून बसली. आत चुलीपाशी सून दचकली. त्या घरात तिनं असं हसू कधी ऐकलं नव्हतं.

त्या दिवसापासून शिंपिणीचा एकही दिवस फुकट गेला नाही. कधी अंगणात पडलेली प्राजक्ताची ओंजळभर फुलं नुसती हुंगत बसायची. कधी नदीत पाय सोडून बसायची. एकदा झोपाळ्यावरची धूळ झटकून दहा झोके घेतले. रोज मोठ्यानं म्हणे, छान वाटलं. सून दाराआडून बघे. पण विचारलं की तिचं तेच, काही नको आत्याबाई.

भाद्रपदात सुईण पुन्हा आली. या वेळी ती नुसती मान हलवून गेली. शिंपिणीचा धीर खचला. मी इथं मजा करत बसले आणि पोरगी सुकत चालली! तिनं मनाशी ठरवलं, पुरे हा वसा. उद्यापासून अन्नच सोडते. एकवेळचंही नको. देवी जागी होईल.

ती देवघरापाशी गेली. भिंतीवर तेविसावं बोट उमटवायला कुंकवात बोट बुडवलं. तेवढ्यात म्हातारीचं बोलणं आठवलं. मीठ सोडणं सोपं आहे. अन्न सोडणंही सोपंच होतं. तिचा हात त्यावर बसलेला होता. मग कुंकू आपल्याच कपाळाला लावलं आणि चुलीपाशी येऊन ज्वारीचं पीठ मळायला घेतलं.

पहिली भाकरी गाईची, ती बाजूला ठेवली. दुसरी तव्यावरून विस्तवापुढे लावली आणि ती टम्म फुगली. नेहमी ती भाकरी टोपलीत जाई आणि नैवेद्य होऊन सगळे जेवेपर्यंत थंडगार पडे. आज तिनं नैवेद्याचा तुकडा मोडून देवापुढे ठेवला, चुलीपाशीच फतकल मारून बसली आणि भाकरीचा वरचा पापुद्रा सोलला. वाफेनं बोटं भाजली. त्यावर तेल घातलं, तिखट-मीठ भुरभुरलं, गुंडाळी केली आणि एक घास खाल्ला. जीभ चुरचुरली, नाकातून पाणी आलं. लहानपणी आई असाच पापुद्रा हातावर ठेवायची, ते आठवलं. या वेळी वसा म्हणून नव्हे, तर आपसूकच ती म्हणाली, "आहाहा! किती छान लागतंय!"

दारात सून उभी होती. डोळे त्या पापुद्र्यावर.

"आत्याबाई," ती अगदी हळू म्हणाली, "मला... मला देता थोडा?"

शिंपिणीच्या हातातली गुंडाळी तशीच राहिली. "अगं, ये ना. बस इथं. तुला हा आवडतो?"

"दोन महिने झाले. रोज तेच मनात येतं. गरम पापुद्रा, तेल-तिखट लावलेला. माझी आई द्यायची."

"मग बोलली का नाहीस गं पोरी?"

सुनेनं मान खाली घातली. "तुम्ही सगळंच सोडलेलं. भिंतीवरची बोटं रोज दिसायची. या घरात 'मला हवं' म्हणायला माझी जीभच रेटली नाही."

शिंपिणीनं पापुद्रा सुनेच्या हातावर ठेवला. एक झाला, दुसरा झाला, पाठोपाठ अख्खी भाकरी गेली. सून मिशी पुसावी तसं तोंड पुसून म्हणाली, "तिखट अजून चालेल." सासू रडत होती आणि भाकऱ्या थापत होती.

दुसऱ्या दिवशी शिंपीण तेल-तिखट लावलेला पापुद्रा घेऊन टेकडीवर गेली. म्हातारी झाडतच होती. "देवीला आणलाय," शिंपीण म्हणाली. म्हातारीनं तो हातातून घेतला आणि पायरीवर बसून सगळा खाऊन टाकला. बोटं चाटली आणि म्हणाली, "छान लागला. पोचला हो देवीला."

कार्तिकात शिंपिणीनं उद्यापन केलं, एका नेमाचं नव्हे, बावीस नेमांचं. त्याआधी दिवाळीला, इतकी वर्षं राखून ठेवलेली देवघराशेजारची भिंतही सारवली आणि ती बोटं झाकली गेली. कार्तिकाच्या अखेरीस नात झाली, गुबगुबीत आणि आवाजाला खणखणीत. हवं ते मिळेपर्यंत गप्प बसत नसे. शिंपी म्हणे, "हिनं कुठला नेम धरलेला दिसत नाही."

शिंपीण पुढेही उपास करी, आषाढात काहीबाही सोडी. पण कार्तिक आला की सोडलेलं परत घेई, सगळ्यांना बोलावून, चवीनं.

तात्पर्य: घरातली बाई स्वतःच्या लहानशा आवडीला जागा ठेवते, तेव्हाच बाकीच्यांच्या आवडीला तोंड फुटतं.

तर बायांनो, लेकीसुनांनो, एवढं माझं ऐका. उद्या भाकरी किंवा पोळी केलीत की एक गरम आपल्यासाठी ठेवा. खाली बसा, घरच्यांसमोर खा आणि छान लागली असं मोठ्यानं म्हणा. मग दाराकडे बघा, कुणी उभं आहे का.