हाशीबायचा कलकलाट

फार फार वर्षांपूर्वी, खाडीकाठची माणसं भरती-ओहोटी बघून जेवायला बसत त्या काळात, शेवखारच्या मिठागरात हाशीबाय नावाची बाई राबत होती. मीठ पिकवायचं तर आधी चिखल पायांनी तुडवून जमीन घट्ट करावी लागते. ते काम बायांचं. बाया दिवसभर तुडवायच्या आणि त्यांची लहानगी बांधावर निजलेली असायची. पोरं काही आपोआप निजत नाहीत. सकाळीच त्यांच्या जिभेला अफूचं बोट लागायचं. आईच लावायची, आणि लावताना तोंड फिरवायची.

हाशीबायचा लेक असाच निजला तो उठलाच नाही. ती ऊर फुटेस्तोवर रडली. मग डोळे पुसून पदाजी मुकादमासमोर उभी राहिली.

"आजपासून पोरां मी बघीन. कोनाच्या जिभेला बोट लागाचं नाय."

मुकादम हसला. "बघ की. पन त्यांच्यामुलं काम थांबलं, तर तुला गावाबाहेर काढीन."

असं म्हणतात, त्याच दिवशी कलकलाट सुरू झाला.

हाशीबायने पोरांना चिखल दिला. बांधावरची चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं बोटांनी चाचपू दिली, पडू दिलं, भांडू दिलं. आयांचं तुडवणीचं गाणं पोरांनी उचललं आणि त्या ठेक्यावर ती थयथय नाचू लागली. एखादी आई म्हणायची, "पेज पाजलीस म्हंजे झालं की." त्यावर हाशीबाय खवळायची. "पोट काय, बकरीचं पन भरतं! याच्या हातांना काम दे, कानांना गोष्ट दे. रागावला तर रागावू दे!"

त्यात रुपी नावाची एक मुलगी होती. ती बोलतच नसे. लोक तिला वेडी ठरवून मोकळे झाले होते. हाशीबाय तिच्याशी रोज बोलायची आणि उत्तरासाठी थांबायची. उत्तर आलं नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबायची.

"गप कर त्यांना!" मुकादम ओरडायचा.

"मोठ्यांदा रे पोरांनो!" हाशीबाय सांगायची.

मग होळीच्या पुनवेचं उधाण आलं. असं उधाण आधी कुणी पाहिलं नव्हतं. भर दुपारी समुद्र बांधाला येऊन थडकला. बांधामागे पिकलेलं मीठ होतं आणि मिठामागे सगळं गाव. पुरुष खाडीचं पाणी आत घ्यायच्या बांधातल्या दाराकडे धावले. तेवढ्यात रुपीने मुकादमाचं धोतर ओढलं.

"गप बस!" तो खेकसला. जी जन्मात बोलली नव्हती तिला!

रुपी त्याच्या हाताला कडकडून चावली आणि पळाली. तो शिव्या देत मागे धावला. ती थेट बांधाच्या दुसऱ्या टोकाला थांबली. तिथे एका बिळातून पाणी उसळत होतं. कुठलं बीळ आरपार जातं ते तिच्या बोटांना ठाऊक होतं. तिने त्यात आपली टाच रोवली.

"पोरां उचला, पला!" मुकादम किंचाळला.

"पलून जाशील कुठं? बांध फुटला तर गावात पन खाडीच!" मागोमाग धावत आलेली हाशीबाय गरजली. "बायांनो, चिखल आना. पोरांनो, नाचा!"

आयांनी चिखल ओतला, पोरांनी तुडवला. गाणं असं दुमदुमलं की खाडीपलीकडच्या गावात कुत्री भुंकू लागली. मुकादमही गुडघाभर चिखलात नाचत होता, आणि त्याचा ठेका सारखा चुकत होता. असं म्हणतात, त्या कलकलाटाने समुद्र दचकला आणि भरती अर्ध्यावरूनच माघारी वळली. रुपी त्या दिवशीही बोलली नाही. पण तिला वेडी म्हणायची छाती पुन्हा कुणाला झाली नाही.

हाशीबाय कधी गेली ते आता कुणाला सांगता येत नाही. रुपीच्या टाचेची खूण मात्र बांधावर आहे, आणि भरतीचं पाणी तिला शिवून मागे फिरतं, असं म्हणतात.

होळीच्या पुनवेला शेवखारची लहानगी अजून बांधावर नाचतात आणि मोठी माणसं त्यांना चिखल आणून देतात. त्या दिवशी कुणी पोराला "गप" म्हणालाच, तर त्याला चिखलात लोळवतात, मग तो सरपंच का असेना. नव्या बाळाच्या जिभेला तर या गावात मधाचंसुद्धा बोट लावत नाहीत. आई त्याला बांधावर नेते, आपले दोन्ही रिकामे हात त्याला दाखवते आणि खाडीकडे तोंड करून म्हणते, "वरड, माझ्या राजा."