धारेची म्हैस आणि विजेचे डबे

आमच्या वाडीला खेटून एका कंपनीनं वीज साठवायच्या बॅटऱ्यांचे ट्रकएवढाले डबे मांडायचं ठरवलं. सभेत कंपनीचे साहेब म्हणाले, “आग लागतच नाही. लागलीच, तर धूर आत येऊ नये म्हणून दारं-खिडक्या लावून घरात बसा.”

आता लागते का लागत नाही, कुणालाच उमगेना.

माझी धाकटी जाऊ हौसा उठली. “आम्ही लावू हो दार. पण माझ्या म्हशीच्या गोठ्याला दारच नाही. तिनं काय करावं?”

साहेब गांगरले. “म्हैस... जरा लांब बांधा.”

“त्यापरीस डबेच लांब न्या की! त्यांना कुठं धारेला घरी यायचंय?”

साहेबांनी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला, अन् डबे डोंगरापल्याड नेले.