बोळात न मावलेला तारा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आकाशकंदिलात अजून वीज शिरली नव्हती तेव्हाची. डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावात काळ्या दगडाचं चर्च होतं आणि चर्चच्या मागच्या आळीत टोपल्या-सुपं विणणारी एक बाई राहत होती. तिचं नाव तबिथा. तिचे हात चालायला लागले की तोंडही चालायचं, आणि दोन्ही थांबवणं तिच्या नवऱ्याला कधी जमलं नव्हतं. त्याने तो नादही केव्हाच सोडून दिला होता.

नाताळ जवळ आला की सगळं गाव तबिथाबाईच्या अंगणाकडे डोळे लावून बसे. कारण गावाचा तारा ती करायची. बांबूच्या कामट्या तासायच्या, वाकवायच्या, सुतळीने आवळायच्या, वर रंगीत कागद चिकटवायचा आणि पोटात कंदील टांगायचा. नाताळच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला हा तारा गावातून निघे. पुढे तारा, मागे चर्चचे धर्मगुरू पाळकबाबा, त्यांच्या मागे पेटी-तबला आणि झांजा घेतलेली भजनी मंडळी.

तारा प्रत्येक दारापुढे थांबायचा. पाळकबाबा घरच्यांना हाक मारून म्हणायचे, "तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे." आणि घरचे उंबऱ्यात येऊन म्हणायचे, "त्याला आमच्या घरात जागा आहे." मग भजनाचं एक कडवं, पोरांच्या हातावर करंजी, आणि तारा पुढच्या दारी. एकही दार चुकवायचं नाही, असा वाडवडिलांपासूनचा नेम होता. बेथलेहेमात येशू जन्मायच्या रात्री त्याच्या आईबापांना दारं बंद मिळाली, ती मिळाली. आपल्या गावात तरी तसं व्हायला नको, एवढाच त्याचा अर्थ.

सगळी दारं झाली की तारा गावाबाहेरच्या माळावर जाई. तिथे आसपासच्या पाच गावांचे तारे जमत. सगळ्यांची मिळून प्रार्थना होई आणि ज्या गावाचा तारा सर्वांत देखणा, त्याला वर्षभर रेशमी निशाण मिळे. पूर्वी या निशाणाचं कुणाला फारसं काही नव्हतं. पण गेली काही वर्षं ते नदीपलीकडच्या गावाकडेच जात होतं, आणि पलीकडचे लोक बाजारात भेटले की मुद्दाम विचारत, "काय हो, यंदा तारा करताय ना? का टोपलीलाच कागद चिकटवताय?"

हे बोलणं तबिथाबाईच्या फार जिव्हारी लागलं होतं.

"यंदा असा तारा करते," ती नवऱ्याला म्हणाली, "की वर बघून बघून पलीकडच्यांच्या माना दुखल्या पाहिजेत."

चर्चच्या मंडळीच्या कारभाऱ्यांना हे कळलं तेव्हा त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. कारभारी मनाने वाईट नव्हते, पण मिरवायची भारी हौस. त्यांनी स्वतः डोंगरातून बांबू आणवले, शहरातून चकचकीत कागद मागवला आणि रोज सकाळी अंगणात येऊन, "अजून थोडा मोठा होईल का, तबिथाबाई?" असं विचारायला सुरुवात केली. तबिथाबाई म्हणायची, "होईल की!" आणि तारा वाढत गेला.

वाढता वाढता तो एवढा झाला, की दोन माणसं हात पसरून शेजारी उभी राहिली तरी त्याच्या दोन टोकांना पुरी पडेनात. त्याला उचलायला चार गडी लागत. कोंबड्यांना अंगणात जागा उरली नाही, म्हणून त्या शेजारच्यांकडे राहायला गेल्या.

एके दिवशी सुतळी वळता वळता तिच्या नवऱ्याने सहज विचारलं, "अगं, हा बोळात शिरेल का?"

तबिथाबाईचा हात थबकला. गावाच्या टोकाला एक बोळ होता. इतका अरुंद, की दोन शेळ्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागे. बोळाच्या शेवटी डोंगराला टेकून एकच घर होतं, हन्नाचं. हन्नाचा नवरा भाद्रपदात तापाने गेला होता. घरात आता ती आणि तिची म्हातारी सासू, दोघीच.

"हन्नाकडे यंदा सण नाही," तबिथाबाई म्हणाली. "वर्ष झालं नाही अजून. तिला कशाला उगाच त्रास द्यायचा?"

ज्या घरात माणूस गेलं, त्या घरी वर्षभर सण करायचा नाही, अशी चाल त्या गावातही होती. म्हणजे बघा, ज्याच्या जन्माने मरणाची नांगी मोडली असं हे लोक दर रविवारी टाळ्या वाजवून गात, त्याचाच जन्मदिवस माणूस गेलेल्या घरी वर्ज्य! पण चालीला कुणी जाब विचारत नाही, आणि ती आपल्या सोयीची असली तर मुळीच विचारत नाही. तबिथाबाईनेही विचारला नाही. तिने पुन्हा सुतळी ओढली आणि पक्की गाठ मारली. नवरा पुन्हा सुतळी वळू लागला. त्याचा तो प्रश्न तिला दोन दिवस टोचत राहिला, पण कामाच्या गडबडीत ती तोही विसरली.

नाताळचा आदला दिवस आला. दिवेलागणीला ताऱ्याच्या पोटातले कंदील पेटले आणि सगळ्या गावाच्या तोंडून एकच आवाज निघाला. लाल, पिवळा, निळा, असा उजेड घरांच्या भिंतींवर नाचायला लागला. लहान पोरं आयांच्या पदरात शिरली, म्हातारे डोळे पुसू लागले. तबिथाबाईला आभाळ ठेंगणं झालं. कारभारी तर जणू तारा आपल्याच पोटी जन्मला आहे, अशा तोऱ्यात पुढे चालत होते.

तारा दारोदार फिरला. मात्र एक गोष्ट तिच्या हळूहळू ध्यानात यायला लागली. पाळकबाबा हाक मारून सांगत होते, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. घरचे उंबऱ्यात येत आणि ताऱ्याकडे आ वासून बघत बसत. "त्याला आमच्या घरात जागा आहे," हे म्हणायचंच राहून जाई. पाळकबाबा बिचारे थोडे थांबत, घसा खाकरत आणि पुढच्या दाराकडे वळत. एका घरी तर म्हातारबाबा म्हणाले, "वा, तबिथा, वा!" आणि दार लावून घेतलं.

तिला बरं वाटलं, आणि त्याच वेळी खुपलंही.

असं करता करता तारा बोळाच्या तोंडाशी आला. चौघा गड्यांनी तो सरळ धरून पाहिला, तिरका करून पाहिला, आडवाही करून पाहिला. कागद भिंतीला घासून करकरला.

"राहू द्या, राहू द्या! फाटेल!" कारभारी ओरडले. "आत काय आहे? हन्नाचं घर. तिच्याकडे यंदा सण नाही. चला माळावर, बाकीची गावं येऊन थांबली असतील."

पाळकबाबा चुळबुळले. "मी आत जाऊन प्रार्थना करून येतो. तारा इथेच थांबू दे."

"हे बरं झालं," कारभारी म्हणाले. "हवं तर एक साधा कंदील न्या बरोबर."

सगळ्यांना ते पटलं. तबिथाबाईलाही पटलंच असतं. पण तिने मान वळवून बोळात पाहिलं.

बोळाच्या शेवटी दार उघडं होतं. दारापुढची जमीन सारवलेली होती. उंबऱ्यावर पणती होती आणि पणतीच्या शेजारी म्हातारी सासू, हातात ताटली धरून, भिंतीला टेकून उभी होती. तिच्या मागे हन्ना. दोघींचेही डोळे बोळाच्या तोंडाकडे लागले होते.

तबिथाबाईच्या काळजात चर्र झालं. या घरात आज कुणी वाट बघत नसेल, असं तिनेच ठरवून टाकलं होतं. कुणाला न विचारता, केवळ आपला तारा मोठा व्हावा म्हणून. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की क्षणभर तिथून पळून जावंसं वाटलं. पण पळून जाणाऱ्यांतली ती नव्हती.

"तारा खाली ठेवा," ती म्हणाली.

चौघांनी तो खाली टेकवला. बांबू तासायचा कोयता तिच्या कमरेला नेहमीच खोचलेला असे. तो तिने काढला.

"अहो तबिथाबाई, काय करताय?" कारभाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"आत शिरेल एवढा करते."

"शुद्धीवर आहात का? माळावर पाच गावं जमली आहेत! निशाण हातात आलंय आपल्या!"

"ते येईल नाहीतर जाईल. हे दार राहता कामा नये."

"पाळकबाबा जातायत ना आत! आणखी काय हवं?"

"गावातल्या सगळ्या दारांशी तारा गेला आणि या दाराशी कंदील?" ती म्हणाली. "कारभारी, प्रभू कुणाकडे आधी आला? ज्यांच्याकडे सण होता त्यांच्याकडे? थंडीत उघड्यावर मेंढरं राखत बसलेल्यांकडे आला. आपला तारा तिथवर पोहोचत नसेल, तर तो कितीही झगमगू दे, त्याला तारा कशाला म्हणायचं?"

कारभारी पुढे सरसावले, पण तिचा नवरा मधे येऊन उभा राहिला.

तिने पहिला घाव घातला. कामटी तुटल्याचा आवाज झाला आणि गर्दीतून कुणीतरी हळहळलं. उजवीकडचं टोक गळून पडलं, मग डावीकडचं, मग बाकीची. किती दिवस जिवाचं रान करून तिने ती टोकं बांधली होती! प्रत्येक घाव तिच्या स्वतःच्या अंगावर पडत होता, पण तिने हात आखडला नाही. शेवटी मधला गाभा उरला, त्यात एक कंदील, आणि कडेला फाटक्या कागदाच्या झिरमिळ्या. तो एका काठीला अडकवून तिने स्वतःच्या खांद्यावर घेतला. आता चौघांची गरज उरली नव्हती.

तारा बोळात शिरला. मागे पाळकबाबा, त्यांच्या मागे सगळं गाव एकामागून एक, भिंतीला खांदे घासत. पेटी डोक्यावर घ्यावी लागली. कारभारी सर्वांत शेवटी, तणतणत.

तारा दारापुढे थांबला. पाळकबाबांनी हाक मारली, "हन्ना, लेकी, तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे."

या वेळी सगळे गप्प होते, म्हणून त्यांचा शब्द न् शब्द ऐकू आला. हन्नाने बोलायला तोंड उघडलं, पण ती रडायलाच लागली. तेव्हा म्हातारीने तिचा हात धरला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "त्याला आमच्या घरात जागा आहे. पुष्कळ जागा आहे. आमचं माणूस गेलंय ना."

भजन सुरू व्हायचं होतं, पण झांजावाल्याने झांजा खाली ठेवल्या आणि उपरण्याने डोळे टिपले.

म्हातारी तबिथाबाईला म्हणाली, "बाई, आम्ही दोघींनी ठरवलं होतं. तारा आला तर नाताळ करायचा. नाही आला तर समजायचं, पोरगा गेला तसा देवही या घरातून गेला."

तबिथाबाईने काठी नवऱ्याच्या हाती दिली आणि म्हातारीच्या गळ्यात पडली. "मी येणार नव्हते, आजी," ती म्हणाली. "मी तुमचं दार सोडून दिलं होतं. मला माफ करा."

"आलीस ना?" म्हातारी म्हणाली आणि ताटलीतली करंजी तिच्या हातात ठेवली. पीठ जाडंभरडं होतं आणि सारणात खोबरं कमी. तबिथाबाईने ती तिथेच उभ्या उभ्या खाल्ली.

मग भजन झालं. दाटीवाटीत, एकमेकांना चिकटून उभे राहून त्यांनी ते म्हटलं आणि कितीतरी वर्षांनी त्यातल्या शब्दांकडे त्यांचं लक्ष गेलं. भजन संपलं तेव्हा हन्ना आणि तिची सासू दार ओढून घेऊन सगळ्यांबरोबर माळावर निघाल्या.

माळावर काय झालं, ते सांगायलाच हवं का? टोकं तुटलेला, कागद लोंबणारा तारा बघून नदीपलीकडचे पोट धरधरून हसले. निशाण त्यांनाच मिळालं. तबिथाबाईला वाईट वाटलं नाही असं म्हणाल, तर ते खोटं आहे. चांगलंच वाटलं वाईट. पण तिने मान खाली घातली नाही. हन्नाला एका बाजूला आणि म्हातारीला दुसऱ्या बाजूला घेऊन ती प्रार्थनेला उभी राहिली आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने आमेन म्हणाली.

कारभारी तिच्यावर ईस्टरपर्यंत रुसून होते. पण पुढच्या वर्षी नाताळ जवळ आला तसे ते एका सकाळी अंगणात येऊन उभे राहिले. मग खाकरून म्हणाले, "तबिथाबाई, यंदा बोळात आणखी एक झोपडी झालीय. परगावचं कुणी आहे, नाव माहीत नाही. तारा करताना तेवढं ध्यानात ठेवा."

तबिथाबाई म्हणाली, "नाव विचारून या. पाळकबाबांना दारात हाक मारायला ते लागेल."

आणि कारभारी नाव विचारायला बोळाकडे निघाले.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: नाताळची शोभा ख्रिस्ताकडे नेण्यासाठी असते, ती त्याच्या वाटेत आडवी येऊ लागली, तर मन घट्ट करून तिला कात्री लावावी, पण ज्या दारी तो जाऊ पाहतो ते दार चुकवू नये.