राजांची बाळुती

रणधीरराजांच्या चित्रातून पाणी गळत होतं, आणि गळत होतं नेमकं नको त्या जागेतून.

झालं असं, की राजांनी आजोबांच्या वेळचा राजवाडा नवा करायला काढला. चुना नवा, रंग नवा, आणि दरबाराच्या भिंतीवर राजांचं पुरुषभर उंचीचं चित्र. त्याच भिंतीत आजोबांनी मातीचा नळ बुजवलेला, हे कुणाच्या गावीही नव्हतं. तो नळ फुटला आणि चित्रातल्या राजांच्या कमरेखालून टपटप सुरू झाली.

दिवाणजी म्हणाले, "हे तर तीर्थ!" आणि ओंजळ भरून प्यायले. आता काय बोलावं?

येसू गवंडी म्हणाला, "महाराज, भिंत फोडावी लागेल."

"माझ्या चित्रावर छिन्नी? चित्राला लागली ती मला लागली!" राजांनी येसूला सरळ कोठडीत टाकलं.

येसूची बायको हौसा पदर खोचून दरबारात आली. राजे म्हणाले, "उद्या व्याही यायचेत. चित्राला ओरखडा नको आणि फरशीवर थेंब नको. जमलं तर नवऱ्याला घेऊन जा. नाही जमलं तर त्याचा उजवा हात तोडीन."

"जमवते. पण माझ्या कामात कुणी आडवं यायचं नाही. शब्द द्या."

"दिला."

हौसाने राण्यांची जुनी मऊ लुगडी मागवली आणि टराटरा फाडली. तिकोनी घड्या केल्या. दोन खांबांना दोरी बांधून चित्राच्या कमरेखाली एक घडी अडकवली. भिजली की काढायची, कोरडी लावायची. फरशी ठणठणीत! काढलेल्या घड्या धुऊन, पिळून तिने महादरवाजावर दोरी बांधून वाळत घातल्या. ऊन तिथेच चांगलं येत होतं.

सकाळी व्याह्यांची पालखी महादरवाजाशी आली, तेव्हा राजे पायरीवर उभे होते आणि हौसा दोरीशी. व्याह्यांनी मान वर केली. "राजे, घरात पाळणा हललेला दिसतोय. कळवलं नाहीत ते?"

"कसला पाळणा?" राजांनीही वर पाहिलं आणि लालबुंद झाले. "हौसा, ही बाळुती कुणाची?"

"आपली, महाराज."

"जीभ हासडा हिची," दिवाणजी म्हणाले.

"दिवाणजी, तुम्ही गप्प बसा. तुम्ही काय प्यायलात ते सगळ्यांनी पाहिलंय." मग ती राजांकडे वळली. "चित्राला लागलं तर आपल्याला लागतं, हे आपणच म्हणालात. मग चित्राने ओलं केलं, तर कुणी केलं? मी सहा पोरं वाढवलीत, मला त्याची लाज नाही. चित्राला कळू लागेपर्यंत बदलत राहीन. नाहीतर तो नुसता चुना आणि रंग आहे म्हणा. माझा नवरा संध्याकाळपर्यंत नळ सांधून देतो."

व्याह्यांना पालखीतच हसू फुटलं. राजांनी दात आवळले. वाऱ्यावर फडफडणारी ती रांग पुन्हा एकदा पाहिली. मिशी थरथरली, आणि राजे हसत हसत पायरीवरच बसले.

"चुना आहे गं बाई, नुसता चुना! फोडा ती भिंत!"

येसूला कोठडीतून आणलं. राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं. "आणखी काय हवं, माग."

"काही नको, महाराज. दोरीवरचं वाळलंय, तेवढ्या घड्या दिवाणजींना घालायला सांगा."

राजांना पुन्हा हसू आवरेना, आणि दिवाणजी मांडी ठोकून घड्या घालायला बसले.